लोकर, कापड आणि हातमोजे: एका इंग्रजी गढीची गोष्ट

घराभोवती खंदक आहे. खंदकाच्या काठानं एकेकाळी उंच दगडी तट होता. दोन टोकांना दोन बुरूज. इथवर सगळं एखाद्या किल्ल्यासारखं. मग नजर मधल्या दिवाणखान्याच्या खिडक्यांवर जाते आणि अडते. खिडक्या उंच, रुंद, प्रत्येकीच्या डोक्यावर त्रिकोणी माथा. बरं, त्या फक्त आतल्या अंगणात उघडत नाहीत, बाहेर खंदकाच्या बाजूलाही उघडतात. खंदक ओलांडून आलेल्या माणसाला त्यातून आत शिरायला फार कष्ट पडू नयेत. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या किल्लेदाराला हे दाखवलं असतं, तर त्यानं बांधणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

हे घर म्हणजे इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं स्टोकसे कॅसल. वेल्सच्या सीमेजवळ, लडलो या जुन्या बाजारपेठेच्या गावापासून काही मैलांवर. नावात कॅसल असलं तरी हा खरा किल्ला नाही. ते नाव त्याला सोळाव्या शतकात चिकटलं, बांधून झाल्यावर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. अभ्यासक याला तटबंदीचं मॅनर हाउस म्हणतात. मॅनर म्हणजे एका जमीनदाराच्या ताब्यातली जमीन, तिच्यावर राबणारी कुळं आणि त्यांच्यावर चालणारा त्याचा अंमल, असं सगळं मिळून. तो जमीनदार जिथे राहतो, जिथे पंगती बसवतो आणि तंटे ऐकतो, ते मॅनर हाउस. त्याला तट-बुरूज घातले की मराठीत त्यासाठी तयार शब्द आहे: गढी. किल्ला लढण्यासाठी असतो, गढी राहण्यासाठी. हा एवढा फरक लक्षात ठेवला की स्टोकसेचं अर्धं कोडं सुटतं. उरलेलं अर्धं सोडवायला मालकाकडे बघावं लागतं.

'स्टोक' हे इंग्लंडमध्ये शेकड्यानं सापडणारं गावाचं नाव, आणि 'से' हे इथल्या एका जुन्या नॉर्मन जमीनदार घराण्याचं आडनाव. दोन्ही मिळून स्टोकसे. पण आज दिसणारी गढी त्या से घराण्यानं बांधलेली नाही. ती बांधली एका व्यापाऱ्यानं. त्याचं नाव लडलोचा लॉरेन्स. बाप निकोलसही व्यापारीच. १२८१ साली लॉरेन्सनं ही जमीन घेतली, तेव्हा तो इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक होता, आणि त्याचा माल होता लोकर.

त्या काळचं इंग्लंड लोकरीवर चालत होतं म्हटलं तरी चालेल. वेल्सच्या सीमेवरच्या टेकड्यांत मेंढ्या चरायच्या, त्यांची लोकर पोत्यांत दाबून भरली जायची आणि समुद्रापार फ्लँडर्सच्या विणकरांकडे, इटलीच्या व्यापाऱ्यांकडे रवाना व्हायची. एका पोत्याचं ठरलेलं वजन ३६४ पौंड, म्हणजे सुमारे १६५ किलो. लॉरेन्स अशी पोती घाऊक पाठवायचा आणि जमलेल्या पैशातून सरदारांना, खुद्द राजा पहिला एडवर्ड याला कर्ज द्यायचा. पण व्यापारी तो व्यापारीच. त्या समाजात मान होता तो जमिनीला, आणि जमिनीवरच्या घराला. पैसा गावच्या बाजारात मिळत होता, प्रतिष्ठा मात्र गावाबाहेर शेतात उभी करावी लागत होती.

यात वेळही जुळून आली. १२८२ आणि १२८३ या दोन वर्षांत एडवर्डनं वेल्स जिंकून घेतलं. वेल्सचा राजपुत्र लुएलिन १२८२च्या डिसेंबरात मारला गेला आणि पिढ्यान् पिढ्या धगधगणारी सीमा एकदाची थंडावली. आदल्या पिढीत इथे कुणी एवढ्या मोठ्या खिडक्यांचं घर बांधलं असतं, तर पहिल्याच धाडीत ते बेचिराख झालं असतं. तेव्हा खिडक्यांचं निम्मं श्रेय राजाच्या फौजेला द्यायला हवं.

आता तटाकडे वळू. त्या काळी इंग्लंडमध्ये कुणी आपल्या घराला चर्या घालायच्या म्हटलं, तर राजाचा परवाना घेण्याची रीत होती. चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावरचे ते दातेरी कंगोरे. उंच भागाआड लपायचं आणि मधल्या खाचेतून बाण सोडायचा. लॉरेन्सला हा परवाना १२९१ साली मिळाला. शालेय इतिहासात याचं कारण साधारण असं सांगितलं जायचं की, सरदारांनी डोईजड होऊ नये म्हणून राजा तटबंदीवर नियंत्रण ठेवायचा. ऐकायला पटतं. पण कागद तपासणाऱ्या अभ्यासकांना चित्र वेगळं दिसलं. असे शेकडो परवाने दिले गेले, नकार क्वचितच मिळाला, आणि घेणाऱ्यांत राजाला धोका वाटावा असे लोक थोडे. धर्मगुरू आहेत, मठ आहेत, दरबारातले अधिकारी आहेत, छोटे जमीनदार आहेत. याच श्रॉपशरात, अ‍ॅक्टन बर्नेल इथे, एडवर्डचा चॅन्सलर, म्हणजे राजाच्या कारभाराचा प्रमुख अधिकारी, आणि बिशप रॉबर्ट बर्नेल यानं १२८४ मध्ये असाच परवाना घेऊन घर बांधलं होतं. लॉरेन्सला ते ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे. परवान्यात बंधन कमी आणि मिरवण्याचा भाग जास्त होता. राजाच्या शिक्क्याचा कागद हातात असला की माणूस नुसता लोकरवाला राहत नाही.

याचा अर्थ ही सगळी नाटकाची सजावट होती, असं मात्र नाही. काही लेखक त्या टोकाला जातात, मला ते पटत नाही. ज्या घरात रोकड आहे, कर्जाचे कागद आहेत, त्याला चोरांपासून आणि छोट्या टोळ्यांपासून राखण लागतेच. स्टोकसेचा तट खंदकाच्या तळापासून मोजला तर सुमारे दहा मीटर उंच होता. रात्री दरवाजा लावून निवांत झोपायला तेवढा पुरे. आणि सीमा थंडावली तरी विझली नव्हती. परवाना मिळून तीन वर्षं होतात न होतात तोच, १२९४ मध्ये, वेल्समध्ये पुन्हा मोठं बंड झालं. फौज घेऊन चालून आलेल्या शत्रूपुढे गढी टिकली नसती. पण तिच्याकडून तेवढी अपेक्षाही नव्हती.

चला, आत जाऊ.

मधला दिवाणखाना साडेसोळा मीटर लांब आणि साडेनऊ मीटर रुंद. इंग्रजीत याला हॉल म्हणतात, पण आजच्या आपल्या 'हॉल-किचन'मधला तो हॉल नव्हे. मध्ययुगीन हॉल म्हणजे घराचं काळीज. मालक, त्याचं कुटुंब, नोकरचाकर, पाहुणे सगळे इथेच जेवायचे. एका टोकाला मालकाचं मेज, तिथून खाली हुद्द्याप्रमाणे बाकीच्यांच्या पंगती. कोण कुठे बसतं यावरून कोण कोण आहे ते कळायचं. जमिनीच्या मध्यावर अष्टकोनी चूल होती, तिची जागा आजही दिसते. धुरांडं नाही. धूर वर जायचा, छपराखाली घोटाळायचा आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडायचा.

पण इथे खरं पाहायचं ते छप्पर. साडेनऊ मीटरची रुंदी एका झेपेत झाकणं त्या काळी सोपं काम नव्हतं. साधारण उपाय म्हणजे मधे लाकडी खांबांच्या रांगा उभ्या करायच्या. त्यानं भार पेलतो, पण दालन तुकड्यांत वाटलं जातं. स्टोकसेच्या सुतारांनी खांब टाळले. त्यांनी ओकची अजस्र लाकडं जोडीजोडीनं कमानीसारखी एकमेकांकडे झुकवून तीन मोठ्या कैच्या उभ्या केल्या, आडव्या तुळयांनी त्या बांधून घेतल्या, आणि छपराचा सगळा भार कडेच्या भिंतींकडे वळवला. मधला खांब एकही नाही. या लाकडांची खालची टोकं आज दगडी आधारांवर टेकलेली दिसतात. ते दगड एकोणिसाव्या शतकातले, मूळची लाकडं थेट खालपर्यंत उतरत होती. तेराव्या शतकातलं असं छप्पर जागच्या जागी, आपल्या मूळच्या लाकडांसह उभं असणं फार दुर्मीळ आहे.

ही लाकडं तेराव्या शतकातलीच, हे कशावरून? अशा प्रश्नावर पूर्वी जाणकार कोरीवकामाची धाटणी पाहून अंदाज बांधायचे. आता खुद्द झाडालाच विचारतात. थंड प्रदेशातलं झाड दर वर्षी एक कडं वाढतं. चांगल्या पावसाच्या वर्षी कडं रुंद, वाईट वर्षी अरुंद. एका प्रदेशातली झाडं एकच पाऊस आणि एकच थंडी सोसतात, म्हणून त्यांच्या कड्यांची लय सारखी असते: दोन रुंद, एक बारीक, तीन मध्यम, पुन्हा बारीक. आजच्या झाडापासून सुरुवात करायची, त्याच्या आतली जुनी कडी एखाद्या जुन्या तुळईच्या बाहेरच्या कड्यांशी जुळवायची, त्या तुळईची आतली कडी आणखी जुन्या लाकडाशी, आणि असं मागे मागे जात शतकांचा ताळा तयार करायचा. मग नवीन नमुना आला की तो या ताळ्यावर सरकवत न्यायचा. जिथे लय जुळते ते त्याचं साल. सालीलगतचं शेवटचं कडं शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही सांगता येतं. ओक सुकला की दगडासारखा कठीण होतो, म्हणून त्या काळचे सुतार तो ओला असतानाच कापायचे आणि जोडायचे. त्यामुळे झाड तोडल्याचं साल आणि बांधकामाचं साल यांत फार अंतर नसतं. स्टोकसेचे नमुने तपासल्यावर मूळची लाकडं तेराव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यातली निघाली. जमीनखरेदी १२८१ची, परवाना १२९१चा. कागद आणि लाकूड एकच गोष्ट सांगतात.

दिवाणखान्याच्या दक्षिण टोकाला मालकाची खासगी खोली आहे, वरच्या मजल्यावर. तिला सोलर म्हणतात. तिथे जायला दिवाणखान्यातून रस्ता नाही, बाहेरून जिना चढावा लागतो. सगळ्यांत बसून जेवणाऱ्या मालकाला हळूहळू आपली स्वतंत्र जागा हवीशी वाटू लागली, त्या बदलाची ही खूण. पण मालक वर गेला म्हणून खालच्यांना मोकळीक मिळाली असं नाही. सोलरच्या भिंतीत, शेकोटीच्या दोन्ही अंगांना, दोन छोट्या खिडक्या ठेवल्या आहेत. तिथे उभं राहिलं की खालचा अख्खा दिवाणखाना दिसतो. कोण काय करतंय, कोण कुणाशी कुजबुजतंय. आजचा सीसीटीव्ही बरा, निदान त्याचा लाल दिवा तरी दिसतो. शेकोटीभोवतीचं भरगच्च लाकडी कोरीवकाम मात्र लॉरेन्सच्या वेळचं नाही, ते सतराव्या शतकातलं. एकेकाळी ते रंगवलेलं आणि सोनेरी मुलामा दिलेलं होतं.

दक्षिणेचा बुरूज हा या घरातला सर्वांत किल्लेवजा भाग. तीन मजली, जाड भिंतींचा, अनेक कोनांचा, माथ्यावर चर्या. एडवर्डनं वेल्समध्ये त्याच सुमाराला बांधलेल्या प्रचंड किल्ल्यांची आठवण यावी असं त्याचं रूप आहे, आणि ती यावी हाच बहुधा हेतू होता. आत जायची मूळ वाट फक्त पहिल्या मजल्यावरून. तळघरात विहीर. वेळ आलीच तर घरच्यांनी इथे कोंडून घ्यावं, अशी योजना दिसते. यातली गंमत अशी की बांधणाऱ्यांनी जिने आणि शौचकूप भिंतींच्या जाडीतच बसवले. भिंत बाहेरून भक्कम, आतून ठिकठिकाणी पोकळ. बांधकाम चालू असतानाच ती पेलेना, तेव्हा बाहेरून दोन जाड दगडी टेकू द्यावे लागले. ते आजही आहेत.

उत्तरेच्या बुरुजाची तऱ्हा वेगळी. खालचे मजले दगडी आणि त्यावर लाकडी सांगाड्याचा, कुडाच्या भिंतींचा मजला, तोही खालच्या भिंतीच्या पुढे झुकलेला, खालून तिरक्या टोड्यांनी सावरलेला. दुरून पाहिलं तर दगडी बुरुजाच्या डोक्यावर कुणी शेतघर आणून ठेवलंय असं वाटतं. छायाचित्रकारांचा हा लाडका कोपरा आहे. शत्रूच्या जळत्या बाणाचाही झाला असता. या वरच्या मजल्यात तेराव्या शतकाचं मूळ काम किती आणि सतराव्या शतकातली डागडुजी किती, हे वेगळं काढायला बारीक नजर लागते. शेकोटी मूळची, छप्पर नंतरचं, पण जुन्याच धर्तीवर केलेलं.

लॉरेन्सला हे घर फार भोगता आलं नाही. १२९४ मध्ये फ्रान्सशी युद्ध उभं राहिलं आणि एडवर्डला पैसा हवा होता. लोकरीवर १२७५ पासून पोत्यामागे साडेसहा शिलिंगांच्या आसपास जकात होती, ती एकदम ४० शिलिंगांवर गेली. व्यापाऱ्यांनी याला मान्यता द्यावी म्हणून पुढाकार घेणाऱ्यांत लॉरेन्स होता. व्यापाऱ्याचं काय जातं? त्यानं शेतकऱ्याला लोकरीचा भाव कमी दिला की जकात निघून आली. मेंढपाळ आणि लोकर पिकवणारे मठ चांगलेच भडकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजाच्या कामासाठी लोकर घेऊन लॉरेन्स समुद्रमार्गे निघाला, आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. डन्स्टेबल मठाच्या बखरकारानं नोंद केली ती अशा अर्थाची: लोकरवाल्यांचा गुन्हेगार लोकरीनं भरलेल्याच जहाजात बुडाला. त्या साधूला हे लिहिताना वाईट वाटलं असेल असं दिसत नाही.

त्याचे वारस लडलो हेच आडनाव लावून दोनशे वर्षं इथे नांदले. पुढे घर लग्नसंबंधातून व्हर्नन घराण्याकडे गेलं. बांधकामाच्या दृष्टीनं त्या काळात विशेष काही घडलं नाही, आणि तेच बरं झालं. बाकीचे जमीनदार आपापली जुनी घरं पाडून फॅशनप्रमाणे नवी बांधत होते.

१६२० साली एलिझाबेथ क्रेवन या विधवा बाईंनी ही जहागीर १३,५०० पौंडांना विकत घेतली. त्यांचे यजमान सर विल्यम क्रेवन लंडनचे लॉर्ड मेयर होऊन गेले होते, आणि त्यांचा पैसा होता घाऊक कापडाच्या व्यापारातला. लोकरीनंतर आता कापड. क्रेवन मंडळींची इतरत्र मोठी घरं होती, तरी १६४० आणि १६४१ मध्ये त्यांनी स्टोकसेला ५३३ पौंड खर्चून नवा दरवाजा बांधला. दरवाजा म्हणजे अख्खी दुमजली इमारतच: पिवळट भिंती, लाकडी सांगाड्याची नक्षी, आणि खांबांवर आदम, ईव्ह, साप, चित्रविचित्र चेहरे. अत्यंत देखणा आणि संरक्षणाच्या दृष्टीनं संपूर्ण निरुपयोगी. १६४२ मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली.

राजाच्या बाजूची शिबंदी स्टोकसेत बसली होती. १६४५च्या जूनमध्ये पार्लमेंटची फौज दारात आली. शरण या म्हणाली. शिबंदीच्या प्रमुखानं आधी नकार दिला, मग परिस्थिती बघून होकार दिला. साडेतीनशे वर्षांत गढीची एवढीच काय ती परीक्षा झाली, आणि खिडक्यांनी जे सुरुवातीपासून सांगितलं होतं तेच खरं ठरलं. पार्लमेंटनं नंतर हुकूम काढला की गढी लढण्याजोगी राहू नये. असे हुकूम सुटले की किल्ल्यांना सुरुंग लागायचे. इथे तट उतरवण्यावर निभावलं. शेजारच्या चर्चला मात्र यादवीचा मोठा फटका बसला, ते १६५४ मध्ये पुन्हा बांधलं गेलं.

पुढची दोन शतकं कुळांची. जो मालक श्रीमंत तो इथे राहत नव्हता, जो राहत होता त्याच्याकडे घर बदलायला पैसा नव्हता. स्टोकसे जसंच्या तसं टिकलं याचं सर्वांत मोठं कारण हेच. दिवाणखान्यात धान्य साठवलं गेलं, पिंपं बनवण्याचा कारखाना थाटला गेला. दक्षिण बुरुजाच्या तळात लोहाराचा भाता चालला, आणि १८३० मध्ये तिथेच आग लागून बुरूज आतून जळाला. अंगणातल्या स्वयंपाकघरासारख्या इमारती १८०० च्या आसपासच पाडल्या गेल्या होत्या. दगड राहिला, लाकूड कसंबसं राहिलं, छपरं गळू लागली. १८५० च्या दशकात फ्रान्सेस स्टॅकहाउस अ‍ॅक्टन या स्थानिक अभ्यासक बाईंनी मालकांच्या मागे लागून काही डागडुजी करून घेतली. त्या नसत्या तर बहुधा आज आपण एका ढिगाऱ्याबद्दल बोलत असतो.

१८६९ मध्ये तिसरा कापडवाला आला, किंवा त्याच्या जवळपासचा: जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट, हातमोज्यांचा मोठा कारखानदार. त्यानं पाच हजारांहून अधिक एकरांची ही जहागीर २,१५,००० पौंडांना घेतली. त्या काळी जुन्या इमारतींची 'दुरुस्ती' म्हणजे संकटच असायचं. आपल्या कल्पनेतलं मध्ययुग घडवण्यासाठी वास्तुविशारद खरंखुरं मध्ययुग खरवडून टाकायचे. त्याला वैतागूनच १८७७ मध्ये विल्यम मॉरिस वगैरेंनी जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. ऑलक्रॉफ्टनं ही चूक केली नाही. छपरं सावरली, भिंती सांधल्या आणि हात आवरता घेतला. स्वतःसाठी त्यानं जवळच स्टोकसे कोर्ट नावाचा नवाकोरा प्रासाद बांधला.

त्याच्या वारसांनी १९८६ मध्ये गढीची देखभाल तेव्हाच्या सरकारी वारसा संस्थेकडे, इंग्लिश हेरिटेजकडे सोपवली आणि १९९२ मध्ये ती पूर्णपणे तिच्या ताब्यात गेली. खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. नकली मेज नाही, मेणाचे सरदार नाहीत. क्रेवन आर्म्स स्टेशनवरून चालत जाता येतं. दिवाणखान्यात शिरलात की उत्तर टोकाचा लाकडी जिना चुकवू नका. त्याची एकेक पायरी अख्ख्या ओंडक्यातून काढलेला ठोकळा आहे, लॉरेन्सच्या सुतारांनी बसवलेला. बुरुजावर जायला आजही त्यावरूनच चढायचं.